वरचा दिवा, खालचा दिवा

अण्णा चटणीचा वास घेऊन मगच इडलीला हात लावायचे. हैदराबादेत, कुकटपल्लीला आमच्या ऑफिसखाली एक टिफिन सेंटर होतं. तिथं स्टीलच्या ताटलीत दोन चटण्या यायच्या, एक टोमॅटोची आणि एक कोथिंबिरीची. बाकीचे लोक गप्पा मारत मारत बुडवून खायचे. अण्णा मात्र ताटली नाकापाशी नेणार, आधी डावी चटणी हुंगणार, मग उजवी, आणि मग समाधानानं खायला बसणार. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्यांना शिळ्याचा संशय आलाय. मग वाटलं, पोट नाजूक असेल. आठवडाभरात मी त्यांना 'चक्रम' ठरवून मोकळी झाले. पुण्याहून गेलेली मुलगी मी. नोकरी पहिलीच होती, पण मतं सगळ्यांबद्दल तयार होती.

अण्णा आमच्या टीमचे प्रमुख. त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या पावतीपुरतं. मोठ्या भावाला तेलुगूतही अण्णा म्हणतात आणि मराठीतही, त्यामुळे ऑफिसात कुणालाच दुसरं नाव शोधावं लागलं नाही. घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. आजोबा निजामाच्या राज्यात हैदराबादेत आले, वडील रेल्वेत गार्ड झाले आणि काचीगुड्याजवळ बरकतपुऱ्यात स्थिरावले. अण्णांचं मराठी ऐकून सुरुवातीला मी बावचळायचे. "काय करलालीस गं, पुणेकरीणबाई?" असं त्यांनी विचारलं की मला वाटायचं, माझ्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय. 'हो'ला हौ आणि 'नको'ला नक्को. मी शुद्ध बोलले की ते हात जोडून म्हणायचे, "जरा हळू बोल माय, अंगावर पुस्तक पडल्यासारखं वाटायलंय."

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे त्यांच्या तऱ्हांना तुम्ही माझ्यासारखं हसणार नाही. अण्णांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नसत. जन्मापासूनच. आणि आमच्या कंपनीत त्यांचं काम होतं दुकानांच्या वेबसाइटना रंग लावायचं. त्यांच्या डोळ्यांचं हे कुणालाही ठाऊक नव्हतं. कळलं तर काम हातचं जाईल ह्या धास्तीत हा माणूस रोज सकाळी बरकतपुऱ्याहून दोन बस बदलून यायचा, आणि आम्हाला दिसायचा तो नुसता विक्षिप्तपणा.

शर्ट कायम पांढरा, पँट कायम काळी. कुणी वाढदिवसाला रंगीत शर्ट दिलाच तर "हौ, घालतो की" म्हणून ठेवून द्यायचे. केळीवाल्यापाशी उभे राहिले की प्रत्येक केळ्यावर अंगठा दाबून बघायचे. तो वैतागायचा. रस्ता ओलांडताना मी गप्पांच्या नादात पुढं निघाले की माझी पर्स ओढून म्हणायचे, "थांब गं, वरचा दिवा लागलाय." लाल कधी म्हटलं नाही. जायची वेळ झाली की, "चल, खालचा लागला." मला ती हैदराबादी बोलायची पद्धत वाटली. नल्लकुंट्याला मी जिथं राहत होते त्या बाईंना एकदा मी ऐटीत "खालचा लागला" म्हटलं, तर त्यांनी घाबरून आधी माझ्या पायाकडं बघितलं.

आता त्यांचं काम. तो काळच मोठा गमतीचा होता. देशाची दारं नुकतीच उघडली होती, अमीरपेटेत गल्लोगल्ली काँप्युटरचे क्लास निघाले होते, आणि ज्याला त्याला वाटायचं, आपल्या दुकानाची वेबसाइट नसेल तर आपण मागं पडू. आमच्या कंपनीनं एकच प्रोग्रॅम बनवला होता, त्यावर अनेक दुकानं चालायची. अत्तरवाला, मिठाईवाला, मोतीवाला, एक गणवेश शिवणारा. सगळ्यांचं पोट एक, पण प्रत्येकाला तोंड मात्र आपलं आपलं पाहिजे. पान कसं दिसावं, मथळा कोणत्या रंगाचा, अक्षर केवढं, कडेला जागा किती सोडायची, ह्या नियमांची एक वेगळी फाइल असते, तिला स्टाइलशीट म्हणतात. साधी माणसं ती एकदा लिहून ठेवून देतात. अण्णांनी ती लिहायचीच नाही असं ठरवलं. दुकानदारानं फक्त एक रंग सांगायचा. कुणी ते पान उघडायला आलं की त्या क्षणी सर्व्हरवरचा अण्णांचा प्रोग्रॅम त्या एका रंगावरून बाकीचे सगळे हिशोबानं काढणार, आलेल्या माणसाकडं कोणता ब्राउझर आहे ते बघणार, कारण तेव्हा प्रत्येक ब्राउझरचे नखरे वेगळे होते, आणि त्याला सोसेल अशी ताजी स्टाइलशीट करून वाढणार.

"इडली करून ठेवता येते," ते म्हणायचे. "दोसा ठेवून चालत नाही. ज्यानं मागितला त्याच्या ताटात तव्यावरनं पडला पायजे."

म्हणून ऑफिसात त्या प्रोग्रॅमचं नाव दोसा पडलं, आणि आमचे साहेब, कंपनीचे एम.डी.सुद्धा मीटिंगमध्ये न हसता दोसा म्हणायला लागले.

अण्णांचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, "रंग डोळ्यानं नाही लावायचा, हिशोबानं लावायचा." गडद किती, फिका किती, दोघांत अंतर किती, ह्याचं गणित त्यांनी असं पक्कं बसवलं होतं की पानावरचा शब्द कधी पार्श्वभूमीत बुडायचा नाही. नवं पान झालं की ते जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापायचे आणि कागद खिडकीपाशी धरायचे. कागदावर वाचता आलं तर पास. आम्ही रंगांवरून भांडत असलो तरी ते कागदच बघत बसायचे. खरं सांगते, त्यांनी बनवलेल्या पानांइतकी डोळ्याला निवांत वाटणारी पानं मी पुढं मोठमोठ्या कंपन्यांत राहूनही फारशी पाहिली नाहीत.

तो पहिला एक रंग मात्र कुणीतरी डोळ्यानंच बघावा लागायचा. दुकानदार कापडाचा तुकडा, मिठाईचा खोका असं काहीबाही आणून द्यायचे. तेव्हा मला हाक यायची. "पुणेकरीणबाई, इकडं ये. ह्याला काय म्हणतात तुझ्या पुण्यात?" मी फुशारकीनं सांगायचे, हा मोरपंखी, हा अबोली, हा डाळिंबी, हा चिंतामणी. "बापरे! चिंतामणी! मग तो चिंतामणी बसव की तिथं." मी पडद्यावरचा नेमका चौकोन निवडायचे आणि ते पुढचं गणित सुरू करायचे. मला वाटायचं, माझी थट्टा चाललीय. मला ती आवडायची, म्हणून मी रंगांची नावं आईला फोन करून विचारून ठेवायचे.

आणि मग एक चुडीवाले हाजीसाब आले. लाड बाजारात त्यांचं बांगड्यांचं जुनं दुकान. पांढरी दाढी, करड्या रंगाची शेरवानी, बोलणं अगदी सावकाश. एम.डी. त्यांना स्वतः घेऊन आमच्या खोलीत आले, कारण हाजीसाब खूश झाले तर सगळा लाड बाजार मागून येईल अशी त्यांची गणितं होती. हाजीसाबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक काचेची बांगडी काढून टेबलावर ठेवली.

"ये रंग होना मेरेकू. पूरे पन्ने पे येइच होना."

अण्णांनी बांगडी उचलली, उजेडाकडं धरली. मग नेहमीसारखं माझ्याकडं वळून, "पुणेकरीणबाई, ह्याला काय..." म्हणेपर्यंत एम.डी. म्हणाले, "अण्णा, आप ही करके दिखाओ ना. आपका दोसा है."

अण्णांनी हाजीसाबांना विचारलं, "इसकू क्या नाम बोल्तें आप?"

"शादी की चूडी बोल्तें," हाजीसाब कौतुकानं म्हणाले.

अण्णा हसले. पडद्यावरच्या चौकोनांवरून त्यांचा बाण सावकाश फिरला, एका ठिकाणी थांबला, पुढं गेला, परत आला. मला काही कळायच्या आत त्यांनी बटण दाबलं. पान उघडलं. मथळा विटकरी, कडा त्याहून फिकट विटकरी, मधल्या रेघा तांबूस. सगळं एकमेकाला शोभणारं, आणि सगळं चुकलेलं. टेबलावरची बांगडी हिरवीगार होती, नवरीच्या हातात भरतात तशी. अण्णा आमच्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर बेत जमल्याचं समाधान होतं. 

एम.डी.नी कपाळाला हात लावला. हाजीसाब मात्र पडद्याकडं बघायचे सोडून अण्णांकडं बघत राहिले. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "मियाँ, बुरा नक्को मानो. आपकू हरा नजर नै आता क्या?"

 अण्णांनी बांगडी परत रुमालात ठेवली, रुमालाची घडी घातली.

"हौ," ते म्हणाले. "नै आता."

"हमारे चचा कू बी ऐसाइच था," हाजीसाब म्हणाले. "उम्रभर चूडियाँ बेचे. पूछ-पूछ के बेचे." ते अगदी सहज म्हणाले. पण आमच्या एम.डी.ना ते सहज घेता आलं नाही. संध्याकाळच्या आत त्यांनी सांगून टाकलं. अण्णा पगाराच्या प्रोग्रॅमचं काम बघतील, रंगांसाठी नवा डिझायनर येईल, आणि दोसा बंद. प्रत्येक दुकानाची स्टाइलशीट हातानं लिहून ठेवायची. "क्लाइंट के सामने ऐसा नहीं चलता ना, अण्णा," ते म्हणाले. दुष्ट नव्हते ते. घाबरले होते.

त्या दिवशी अण्णांनी मला इराणी हॉटेलात चहाला नेलं. चहा निवत चालला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"रेल्वेत लागणार होतो मी," ते म्हणाले. "परीक्षा पास झालो. बाबानं बरकतपुऱ्यात पेढे वाटले. मग डोळ्याची तपासणी."

"म्हणजे तोपर्यंत घरी कळलंच नव्हतं?"

"कसं कळणार? बाबांचा हातातला दिवा होता, गार्डाचा. त्याला खिट्टी असते. फिरवली की काच बदलायची, आन् कट् वाजायचं. लहानपणी बाबा दिवा धरून विचारायचे, सांग कोणता. मी कानानं कट् मोजायचो आन् सांगायचो. बाबा म्हणायचे, 'बरोबर!' आन् खिशातनं लिमलेटची गोळी काढून द्यायचे. गोळीसाठी शिकलो बघ." ते थोडं हसले. "मग डाक्टरनं ठिपक्याठिपक्याचं पुस्तक पुढं धरलं. पुस्तक काय वाजत नाही की."

 बशीत उस्मानिया बिस्किट ठेवलं होतं ते मी त्यांच्याकडं सरकवलं.

"दोन बहिणी लग्नाच्या होत्या," ते म्हणाले. "पोरींच्या पोटी बी हे उतरतं म्हणतात. बाबानं सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. कुणी विचारलं तर सांग, मुलाखतीत नापास झालो. तेव्हापासून नाही बोललो. बहिणींची लेकरं आता कॉलेजात हायत. पण बोल म्हणून कुणी सांगितलंच नाही गं."

मला त्या क्षणी त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला, आणि अण्णांचाही थोडा. एवढा शहाणा माणूस, आणि परवानगीची वाट बघत बसला.

पुढचे महिने वाईट गेले. अण्णा कोपऱ्यातल्या टेबलावर पगाराचे आकडे जुळवत बसायचे. मला हाक यायची बंद झाली. आईकडून मी 'शेवाळी' आणि 'गुलबक्षी' अशी दोन नवी नावं आणली होती, ती तशीच राहिली. नवा डिझायनर चांगला मुलगा होता, त्याची नजरही छान. पण दुकानं वाढत गेली. त्यात त्या वर्षी दिवाळी आणि रमझान लागोपाठ आले. मिठाईवाल्याला दिवाळीपुरता वेगळा रंग हवा, अत्तरवाल्याला महिनाभर वेगळा, मग ईदनंतर जुना परत. हातानं लिहिलेल्या फाइलींचा असा गोंधळ उडाला की एके सकाळी अत्तरवाल्याचं पान मिठाईवाल्याच्या केशरी झुलीत उघडलं. त्याचा फोन आला तेव्हा एम.डी.नी रिसिव्हर कानापासून हातभर लांब धरला होता, तरी आम्हाला सगळं ऐकू आलं.

दुपारी एम.डी. अण्णांच्या टेबलापाशी गेले. थोडा वेळ उगाच कॅलेंडरकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अण्णा, वो दोसा चालू कर दो."

अण्णांनी मान वर केली. "करतूं. पण मैं रंग पूछूंगा. सबके सामने, जोर से. जिसकू पूछा उसने बताना. हंसना नक्को."

"हौ अण्णा," एम.डी. म्हणाले. तेलुगू माणूस, पण 'हौ' म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत "हा कोणता गं?" आणि "ये कौनसा रे?" सुरू झालं, आणि डिझायनर पोरगा पहिला रंग बसवून द्यायला लागला. अण्णांनी प्रोग्रॅममध्ये एक भर घातली. दुकानदारानं स्वतःच पडद्यावर पहिला रंग निवडायचा, आणि प्रत्येक चौकोनाखाली त्याचं नाव लिहिलेलं. माझ्या आईची चिंतामणी, शेवाळी, गुलबक्षी ही नावं तेलुगू आणि उर्दू नावांच्या शेजारी जाऊन बसली. हाजीसाबांचं पान हिरवं झालं. ते बघायला ते मुद्दाम आले आणि अण्णांना मिठी मारून गेले.

संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला बरकतपुऱ्याला गेले. तेव्हाही अण्णा स्वतःहून रंगाचं नाव कधी घेत नसत, नुसतं विचारत. त्यांचे वडील दारातच खुर्ची टाकून बसले होते. ताठ, दाढी घोटलेली, सदरा इस्त्रीचा. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, पण गाडी सुटायचीच आहे असा चेहरा. माझ्या हातावर हलवा देऊन त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्या हापिसात कळलंय म्हणं."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा जमिनीकडं बघत होते.

"कळलंय, काका," मी म्हटलं. "आणि काही बिघडलं नाही."

म्हातारबुवा उठले. आतल्या फळीवरून तो जुना दिवा घेऊन आले, आणि मुलापुढं धरून खिट्टी फिरवली. कट्. "सांग."

अण्णा चाळिशीचा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला. "बाबा, मला नाही दिसत. कधीच नव्हतं दिसत. मी आवाज मोजून सांगायचो."

वडील दिवा हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी पुन्हा एकदा हळूच खिट्टी फिरवली आणि ह्या वेळी स्वतः कान दिला. मग खुर्चीत बसले.

"मी जन्मभर दिवे दाखवायचं काम केलं," ते म्हणाले. "घरातल्या पोराला दिसलं नाही, ते मला दिसायला पायजे होतं." आणि थोड्या वेळानं, "एवढं वर्ष गप बसवलं मी तुला. चुकलं माझं."

अण्णांनी त्यांच्या हातातला दिवा काढून घेतला आणि फळीवर नेऊन ठेवला. बराच वेळ ते आतून बाहेर आले नाहीत. मी आणि काका हलवा खात बसलो.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडून पुण्याला आले. लग्नाच्या आदल्या दिवशी हात चुड्यासाठी पुढं करून मी कासारणीची वाट बघत बसले होते, तर दारात अण्णा आणि त्यांचे वडील. वडिलांच्या रेल्वेच्या पासावर दोघं आले होते. अण्णांच्या अंगात पांढरा शर्ट. हातात हाजीसाबांच्या दुकानाचा डबा.

"कासारणीला सांग, ह्या भरायच्या," अण्णा म्हणाले. "बाबानं निवडल्यात. मी नुसता शेजारी उभा. एकेक डबा उघडून मोठ्यानं सांगायलते, हा तांबडा, हा पिवळा, हा नक्को. सगळं दुकान ऐकायलतं, पण ह्यांचा आवाज काय खाली येईना."

मी डबा उघडला. आत काचेच्या बांगड्या कागदात नीट गुंडाळलेल्या होत्या. अण्णा माझ्याजवळ वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पण त्यांना आता मोतीबिंदू झालाय गं. म्हणून तुला विचारतो. हिरवा हाय ना?"

इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून रंगाचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि बांगड्या मलाच धड दिसेनात. एक उचलून खिडकीकडं धरली.

"हौ अण्णा," मी म्हटलं. "हिरवाच हाय."

अण्णा वळले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "बाबा, बरोबर!"

म्हातारबुवा खुर्चीतून उठले, हसले, आणि मुलापुढं हात पसरून म्हणाले, "मग गोळी दे की."